टायर नवा, फ्लॅप जुनी
(ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले व गाडीवान सभासदांसाठी)



गळीत हंगामाची चाहूल लागली की आपल्या भागात तीन ठिकाणी गर्दी उसळते. पहिली पतसंस्थेत, कारण मुकादमाला उचल द्यायची असते. दुसरी वेल्डिंगच्या दुकानात, कारण ट्रॉलीचे साटे, हुक आणि साखळ्या ठाकठीक करायच्या असतात. तिसरी गर्दी टायरच्या दुकानात. उचलीविषयी आपण सभेत भांडतो आणि वेल्डिंग डोळ्यांसमोर उभे राहून करून घेतो. टायरच्या बाबतीत मात्र आपली रीत अशी की, पैसे मोजायचे, गाडी दुकानासमोर लावायची आणि “चार वाजता या” म्हटले की चार वाजता जायचे. आत काय झाले ते पुढे रस्त्यावरच कळते, आणि तेही बहुधा रात्री.

तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आपले शेतकी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. उशीर झाला की वजन घटते, उसातल्या साखरेचे विघटन सुरू होते आणि उतारा खाली येतो. तोडणी चांगली, टोळी चांगली, पाळी वेळेवर आलेली, आणि ट्रॉली मात्र वाटेत एका चाकावर बसलेली, असे झाले तर साऱ्या वर्षाची मेहनत त्या एका चाकापाशी अडते. म्हणून या वेळी टायरविषयी चार शब्द लिहावेत असे ठरवले. त्याला कारणही तसेच घडले आहे.

जनावरांच्या डॉक्टरची देणगी

आपल्याकडे रबरी चाकाच्या बैलगाडीला आजही ‘डनलॉप गाडी’ म्हणतात. हे नाव एका माणसाचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा, आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जनावरांचा डॉक्टर होता. आपल्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार आदळते, म्हणून त्याने चाकाला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि 1888 साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्याही आधी, 1845 साली, रॉबर्ट थॉमसन नावाच्या गृहस्थाने हीच कल्पना नोंदवली होती. पण त्या काळी ती चालली नाही. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होते. त्याला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला 1839 मध्ये सापडली होती. या सर्वांच्या खटपटीतून आजचा टायर उभा राहिला.

लोखंडी धावेची गाडी आणि डनलॉप गाडी यांतला फरक बैलांना विचारावा! पण हा फरक हवेमुळे आहे. टायरमध्ये ओझे पेलते ती हवा. रबर आणि आतले धाग्यांचे थर त्या हवेला फक्त धरून ठेवतात. हवा कमी असली की टायर चपटा होतो, बैलांना ओढ जास्त लागते, ट्रॅक्टरला डिझेल जास्त लागते आणि टायरची कूस वारंवार दुमडून तापते. तापलेला टायर आतून सुटत जातो, बाहेरून मात्र तो धडधाकट दिसतो.

एक अनुभव

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत. ट्रॅक्टर माझा पुतण्या चालवतो. घरचे पोट त्यावर आणि तीन एकर उसावर आहे. 2024 च्या दिवाळीनंतर मागच्या ट्रॉलीचे दोन टायर गुळगुळीत झाले होते, म्हणून तालुक्याच्या गावी एका दुकानात दोन नवे टायर, दोन ट्यूब, दोन फ्लॅप आणि फिटिंग असा व्यवहार ठरवला. दुकानाचे नाव येथे देत नाही. आमच्या वडिलांपासून आम्ही तिथले गिऱ्हाईक आहोत, एवढे सांगितले तरी पुरे.

व्यवहाराच्या वेळी शेठने एक टायर पुढे ओढून दाखवला. टायर ताजा होता. दुसरा “आतनं काढतो” म्हणाले. मी कामाजवळ उभा राहू लागलो तर कामावरचा पोरगा म्हणाला, “काका, हितं थांबू नका, घण लागंल.” शेठ म्हणाले, “दादा, आजचं गिऱ्हाईक हाय व्हय तुम्ही? चार वाजता या, गाडी तयार.” पैसे देताना हातात एक कच्ची चिठ्ठी आली. पक्के बिल मागितले तर “मग टॅक्स पडंल बघा” असे उत्तर मिळाले. टॅक्स घ्या, पण बिल द्या, असे तीन वेळा सांगितल्यावर बिल मिळाले. त्यात टायर, ट्यूब, फ्लॅप आणि फिटिंगची मजुरी असे चारही आकडे वेगवेगळे लिहून घेतले. या एका कागदाने पुढे मला तारले.

हंगाम सुरू झाला. तीन खेपा सुरळीत गेल्या. चौथ्या खेपेला, रात्री अकराच्या सुमारास, कॅनॉलच्या पुलाकडच्या उतारावर मागची ट्रॉली एकदम डावीकडे कलली. पुतण्याने गाडी थांबवेपर्यंत हवा गेलेले चाक थोडे अंतर घासत गेले आणि रिमच्या कडेने नव्या टायरची कूस कापली. ट्रॉली उलटली नाही, ही देवाची कृपा. टोळीतली नवराबायको आणि त्यांचे लहान पोर एरवी मोळ्यांवर बसून येतात. त्या खेपेला ती फडातच मागे राहिली होती. पुतण्या रस्त्यात दगड आणि वाढ्याच्या पेंढ्या लावत होता, तेवढ्यात एक मोटारसायकलवाला भरधाव आला आणि ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला. पुतण्या मला फोनवर एवढेच म्हणाला, “नाना, तुम्ही या. माझं हातपाय चालंनात.”

सकाळी दुसऱ्या ट्रॉलीत माल भरून घेतला आणि चाक खोलले. ट्यूब एका जागी घडीवर चिरलेली होती. त्या घडीखाली फ्लॅप दुमडलेली. आणि ती फ्लॅप जुनी होती! आमचीच, काढून टाकलेली, कडा विरलेली फ्लॅप पुन्हा आत घातली होती. बिलात मात्र दोन नव्या फ्लॅपचे पैसे. टायरच्या कुशीवर पाहिले तर लंबगोल चौकटीत 1119 हा आकडा, म्हणजे 2019 सालच्या अकराव्या आठवड्यातला टायर. दाखवला होता ताजा, बसवला साडेपाच वर्षांहून जुना. दुसऱ्या चाकाचे नट तपासले तर त्यांतले तीन हाताच्या जोरावर सैल झाले.

दुकानात गेलो. शेठ आधी म्हणाले, “वजन जास्त भरलं असंल.” मी कारखान्याच्या काट्याच्या तिन्ही खेपांच्या पावत्या पुढे ठेवल्या. वजन टायरच्या मर्यादेत होते. चौथ्या खेपेची पावती त्याच दिवशी दुपारी झाली, तीही तशीच. मग म्हणाले, “टायरमधीच फॉल्ट असंल. कंपनीकडं क्लेम टाकू.” तारखेचे बोललो तर म्हणाले, “रबर काय दूध हाय व्हय नासायला?” तीन आठवडे क्लेमची वाट पाहिली. कंपनीचा कागद आला. त्यात स्पष्ट लिहिले होते की, टायरच्या बनावटीत दोष नाही, फ्लॅप दुमडल्याने ट्यूब चिरली, हवा नसताना चाक फिरल्याने कूस कापली, हा बसवण्यातील दोष आहे, म्हणून क्लेम नामंजूर.

कंपनी म्हणते दुकानदाराचा दोष, दुकानदार म्हणतो कंपनीचा, आणि दोघांच्या मध्ये शेतकरी. पुष्कळ सभासदांची गाडी इथेच रुतते आणि ते गप्प बसतात. पण नीट पाहिले तर तो नामंजुरीचा कागदच आपला पुरावा होता, कारण दोष कोणाचा हे त्यात कंपनीने स्वतःच लिहिले होते. तो कागद, बिल, काट्याच्या पावत्या आणि रस्त्यावर काढलेले मोबाइलचे फोटो यांच्या नकला जोडून दुकानाला स्पीड पोस्टाने मराठीत पत्र पाठवले. पंधरा दिवसांची मुदत दिली.

बाराव्या दिवशी निरोप आला. ट्यूबचे, दोन्ही फ्लॅपचे आणि टायरच्या निम्म्या किमतीचे पैसे मिळाले. बुडालेल्या पाळीचे, दुसऱ्या ट्रॉलीच्या भरणीच्या मजुरीचे काहीच मिळाले नाही. हंगामाची घाई होती, म्हणून तिथे थांबलो. पैसे देताना शेठ म्हणाले, “एवढ्याशा गोष्टीला पत्र कशाला लिवायचं, दादा? घरचंच हाय की सगळं.” मला सर्वांत जास्त बोचले ते हेच वाक्य. घरचे होते म्हणूनच तर आम्ही चाक उघडून पाहिले नव्हते. ज्याच्यावर विश्वास टाकला तो जुनी फ्लॅप आत घालतो आणि वर घरचेपणाचा दाखला देतो, याला काय म्हणावे?

टायर स्वतः काय सांगतो

टायरच्या कुशीवर बरेच काही कोरलेले असते. ते वाचता आले की निम्मी फसवणूक तिथेच थांबते.

पहिले म्हणजे माप. 6.00-16 याचा अर्थ टायरची रुंदी सुमारे सहा इंच आणि तो सोळा इंच व्यासाच्या रिमवर बसतो. ट्रॅक्टरच्या मागच्या 13.6-28 चा अर्थही त्याच रीतीने लावायचा. जुन्या टायरवर जे माप आहे तेच घ्यावे. “थोडा मोठा बसतो की” हे ऐकू नये. एकाच आसावर दोन वेगवेगळ्या मापांचे टायर तर कधीच नकोत.

दुसरे म्हणजे तारीख. सन 2000 पासूनच्या टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2325 असेल तर 2025 सालचा तेविसावा आठवडा. रबर दुधासारखे नासत नाही हे खरे, पण उन्हाने आणि हवेने ते हळूहळू कडक होते व त्याला बारीक भेगा पडतात. सावलीत नीट ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर घ्यायला हरकत नाही. पाच वर्षांचा टायर नव्याच्या भावाने घेणे मात्र शहाणपणाचे नाही. तारखेचा आकडा बहुधा एकाच कुशीवर असतो. तो आतल्या बाजूला गेला तर बसवल्यावर दिसत नाही, म्हणून आधीच पाहावा.

तिसरे म्हणजे वजन. मापाशेजारी एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असते. 140 म्हणजे तो टायर योग्य हवेवर 2500 किलो पेलतो, 144 म्हणजे 2800 किलो आणि 146 म्हणजे 3000 किलो. अक्षर वेगाचे असते. ए8 म्हणजे ताशी 40 किलोमीटर. आता हिशेब करा. चार चाकांच्या ट्रॉलीला 140 चे चार टायर असतील तर एकूण दहा टन. रिकामी ट्रॉली दोन टनांची धरली तर ऊस राहिला आठ टन. त्यावर जे काही चढते ते टायरच्या कुवतीबाहेरचे. त्याचा दोष ना कंपनीवर टाकता येतो ना दुकानदारावर. म्हणून काट्याच्या पावत्या हंगाम संपेपर्यंत फेकू नका. वजन मर्यादेत ठेवणाऱ्या माणसालाच त्या उपयोगी पडतात, हेही ध्यानात ठेवा.

चौथे म्हणजे फिरण्याची दिशा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर बाण असतो. तो पुढे जाण्याच्या दिशेने फिरला पाहिजे. सोपी खूण अशी की, ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून चाकाकडे पाहावे. रबराचे उंच पट्टे घराच्या आढ्यासारखे, टोक वर असलेले दिसले तर चाक बरोबर. टोक खाली दिसले तर चाके उलटी बसली. उलट्या चाकात चिखल भरून राहतो, पकड कमी होते आणि ओल्या फडातून भरली ट्रॉली बाहेर काढताना चाक जागीच फिरते. पुष्कळ जण दोष इंजिनला देतात.

बसवणे हे अर्धे काम

ट्रॉलीला आपण बहुधा ट्यूबचे टायर वापरतो. टायर बसवण्याचे काम फार अवघड नाही, पण त्याचा क्रम आहे. आधी रिमवरचा गंज व चिकटलेले रबर खरवडून काढावे. टायरच्या आत हात फिरवून खडा, तार, कागद राहिला नाही ना पाहावे. ट्यूबला टाल्कम पावडर चोळावी म्हणजे ती आत सरकून नीट बसते. नव्या टायरला ट्यूब नवी आणि फ्लॅपही नवी. वापरलेली ट्यूब ताणलेली असते, ती नव्या टायरात घडी घालून बसते. फ्लॅप ही ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी. ती स्वस्त वस्तू आहे, म्हणूनच तिच्यात चोरी होते, आणि ती दुमडली की महागाची ट्यूब जाते, ट्यूबमागून टायर जातो.

टायरच्या काठाला, म्हणजे ज्याच्या आत पोलादी तार असते त्या भागाला, साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा जळके ऑइल लावू नये, ते रबर खाते. मग थोडी हवा भरून टायर सर्व बाजूंनी सारखा बसला का पाहावे, हवा पूर्ण सोडावी आणि पुन्हा भरावी. या भरण्या-सोडण्याने ट्यूबच्या घड्या मोकळ्या होतात. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि घाईच्या दुकानात नेमके हेच टाळले जाते.

ज्या रिमला वेगळी लोखंडी रिंग असते तिथे तर जिवाशी गाठ असते. चाक खोलण्याआधी व्हॉल्व काढून हवा पूर्ण सोडली पाहिजे. हवा भरताना रिंग नीट खाचेत बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. चांगल्या दुकानात हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात, पंपाच्या नळीचे तोंड व्हॉल्ववर अडकवून माणूस लांब उभा राहतो. हवा भरत असताना रिंगवर घण मारणारा पोरगा दिसला तर त्याला थांबवा, तो कोणाचाही पोर असो. चाकाच्या समोर उभे राहू नका. आमच्या कामावरच्या पोराने मला दूर व्हायला सांगितले ते एका अर्थी बरोबरच होते, पण तो स्वतः मात्र चाकाशेजारीच उकिडवा बसला होता. पिंजरा नव्हता. त्या पोराला हे काम कोणी शिकवले असेल?

नट आवळतानाही क्रम आहे. एकामागून एक गोल फिरत आवळायचे नसतात. एक आवळला की समोरचा, मग आडव्या दिशेचा. रिम आणि हब यांच्यामध्ये ताजा रंग, माती, गंज असेल तर तो पुढे झिजतो आणि घट्ट नट आपोआप सैल होतात. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उड्या मारणेही वाईट, त्याने स्टड ताणले जातात आणि एक दिवस तुटतात. पहिली भरलेली खेप काट्यावर उतरली की सगळे नट पुन्हा तपासावेत. मोठे चाक निघून पळते ते बहुधा नव्याने बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत.

हवेचेही तसेच. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाला थोडे पौंड लागतात, ट्रॉलीच्या ट्रकसारख्या टायरला त्याच्या कितीतरी पट. कोणाला किती हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आणि टायरवर लिहिलेले असते. हातोडीने ठोकून आवाज ऐकणे ही जुनी रीत, तिने चाक पूर्ण बसले असेल तर कळते, वीस पौंड कमी असेल तर कळत नाही. हवेचे मीटर स्वतःचे ठेवावे. हवा पाहायची ती सकाळी, चाक थंड असताना.

कायद्याने काय मिळते

ग्राहकाचे गाऱ्हाणे मांडण्याची चळवळ आपल्या महाराष्ट्रातच जोमाने उभी राहिली. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्या कायद्याची जागा आता 2019 च्या कायद्याने घेतली असून तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला आहे.

त्यातल्या चार गोष्टी आपल्या उपयोगाच्या. पहिली, टायर हा माल आणि तो बसवणे ही सेवा. मजुरी घेतली असेल तर सेवेतील त्रुटीची तक्रार वेगळी करता येते. दुसरी, बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” या पाटीला घाबरण्याचे कारण नाही. तिसरी, तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची. ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, दुकान कुठेही असो. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल होते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ दुकानदार तेवढ्याने बोलायला तयार होतात.

चौथी गोष्ट जरा बारकाईची. “तुम्ही गाडी धंद्याला लावली, मग तुम्ही ग्राहक कसले?” असा प्रश्न दुकानदार उभा करतो. कायदा सांगतो की, स्वतःच्या कष्टाने, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू नव्हे. एक ट्रॅक्टर घरच्या माणसाने चालवणारा आपला सभासद यात बसू शकतो. ज्यांच्या अनेक गाड्या पगारी ड्रायव्हरवर फिरतात त्यांचे मात्र वेगळे ठरू शकते. 2012 साली बियाण्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहकच आहे असा निकाल दिलेला आहे, हेही माहीत असावे.

आणि बिलाची धास्ती? “टॅक्स पडेल” हे वाक्य आपल्याला बिलापासून दूर ठेवण्यासाठी असते. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायरवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. पाच टक्के वाचवायला जाऊन साऱ्या टायरचा हक्क सोडणे म्हणजे नाल वाचवायला घोडा गमावण्यासारखे आहे.

कारखान्याकडे एक विनंती

दुकानदारांवर बोट दाखवून आपले काम संपत नाही. सारेच दुकानदार असे नसतात. नीट काम करणारेही आहेत, आणि हंगामाच्या तोंडावर त्यांच्याकडे रात्रीचे बारा वाजेपर्यंत रांग असते. पण आपल्या शेकडो ट्रॉल्या आणि डनलॉप गाड्या एकाच महिन्यात टायर बदलतात. एवढा माल एकत्रितपणे थेट कंपनीकडून घेतला तर भावही सुटेल आणि ताज्या तारखेचा माल मागता येईल. कारखान्याच्या वर्कशॉपजवळ एक टायर शेड, एक कॉम्प्रेसर, तपासलेले हवेचे मीटर, ठराविक ताकदीने नट आवळणारा पाना आणि लोखंडी पिंजरा, एवढ्या सामग्रीला फार मोठा खर्च नाही. पिंजरा तर आपले वेल्डर घरीच करतील. केनयार्डात रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांचे नट आणि हवा तिथल्या तिथे तपासून मिळाली तर रस्त्यावरचे निम्मे घोटाळे टळतील. संचालक मंडळाने याचा विचार करावा आणि येत्या वार्षिक सभेपुढे विषय ठेवावा, अशी विनंती आहे.

दुकानात जाण्यापूर्वी

शेवटी, या पानाची घडी घालून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवता यावी म्हणून थोडक्यात:

1. टायर बसवण्याआधी माप, तारीख आणि वजनाचा आकडा स्वतः वाचा. दोन्ही टायर पाहा, एक नव्हे. मोबाइलवर फोटो काढा.

2. टायर, ट्यूब, फ्लॅप, मजुरी यांचे पक्के बिल वेगवेगळ्या ओळींत घ्या. त्यावर टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या.

3. काढलेली जुनी ट्यूब आणि फ्लॅप मागून घ्या आणि घरी न्या. जुनी फ्लॅप तुमच्या हातात असली म्हणजे ती चाकात जाणार नाही.

4. कामावर नजर ठेवा, पण हवा भरताना चाकासमोर उभे राहू नका आणि लेकराबाळांना जवळ येऊ देऊ नका.

5. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर सगळे नट पुन्हा आवळा.

6. रस्त्यात चाक बसले तर आधी मागे लांबवर दगड, पेंढ्या, रिफ्लेक्टर लावा. चाकाकडे नंतर पाहा.

7. मोळ्यांवर माणसे बसवू नका. टोळीची बाई-पोरे आपल्या भरवशावर बीडकडून इतक्या लांब आलेली असतात.

8. तक्रार तोंडी करू नका, लिहून करा. कागद जपून ठेवा.

या वर्षी ज्यांनी टायर बदलले आहेत त्यांनी उद्या सकाळी, चाके थंड असताना, एकदा पान्याने नट पाहून घ्यावेत. दहा मिनिटांचे काम आहे.

— एक वाहतूकदार सभासद